इंधन दाबमापकाचे दोषनिदान, विमानातील
लहान विमानाच्या एंजिनाला मिळणाऱ्या इंधनाचा दाब दर्शविणाऱ्या उपकरणाचे वाचन अपेक्षेपेक्षा कमी, जास्त वा अस्थिर असल्यास दोष इंधन-यंत्रणेत आहे की उपकरणात, हे निश्चित करण्याची पद्धती. कमी वाचन हे एंजिनाची उपासमार होत असल्याचे पहिले चिन्ह असू शकते, तसेच ते केवळ सैल झालेल्या तारेमुळेही मिळू शकते. म्हणून वाचन खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत ते खरे मानणे, हे या निदानाचे मूलतत्त्व होय.

कार्ब्युरेटर असलेल्या सेसना १७२ सारख्या उंच पंखांच्या विमानात इंधन गुरुत्वाकर्षणाने एंजिनाकडे येते. पायपर चेरोकीसारख्या खालच्या बाजूस पंख असलेल्या विमानात टाक्या एंजिनाच्या पातळीखाली असल्यामुळे पंप लागतो. एंजिनाने चालणारा पटल-पंप हा मुख्य, तर विद्युत् पंप हा साहाय्यक असतो. लायकमिंग ओ–३२० या एंजिनाच्या कार्ब्युरेटरपाशी इंधनाचा दाब ०·०३५ ते ०·५६ किग्रॅ./सेंमी.२ (०·५ ते ८ पौंड/चौ. इंच) या मर्यादांत असावा लागतो. खालची मर्यादा इतकी अल्प असल्याने मापनातील लहानशी चूकही महत्त्वाची ठरते.

मापकाचे प्रकार : यांत्रिक मापकात इंधन बारीक नळीतून थेट उपकरण-फलकापर्यंत येते आणि वक्र, पोकळ अशा बूर्दाँ नळीला किंचित सरळ करते. या हालचालीने काटा फिरतो. या नळीचे एकस्व फ्रेंच अभियंते एझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये घेतले. नळी तुटल्यास फार इंधन सांडू नये म्हणून तिच्या एंजिनाकडील टोकास अतिशय बारीक छिद्राचा जोड बसवितात. विद्युत् मापकात एंजिनाच्या बाजूस प्रेषक असतो. दाबानुसार त्याचा विद्युत् रोध किंवा विद्युत् दाब बदलतो आणि त्यावरून फलकावर वाचन मिळते. या पद्धतीत ज्वालाग्राही द्रव वैमानिकाच्या कक्षात आणावा लागत नाही.

चुकीच्या वाचनाची कारणे : यांत्रिक मापकात बारीक छिद्र कचऱ्याने बुजल्यास काटा मंदपणे हलतो वा अडकून राहतो, तर नळीत हवेचे बुडबुडे असल्यास तो थरथरतो. मापकाच्या उंचीचाही परिणाम होतो. विमानाच्या पेट्रोलचा १ मी. उंचीचा स्तंभ सु. ०·०७ किग्रॅ./सेंमी.२ दाब देतो. त्यामुळे मापनबिंदूपेक्षा ५० सेंमी. उंच बसविलेला मापक, नळी इंधनाने भरलेली असताना, जवळजवळ खालच्या मर्यादेइतकाच दाब कमी दाखवितो.

विद्युत् मापकात प्रेषकाचा भूसंपर्क गंजणे, जोड सैल होणे किंवा तार तुटणे हे दोष आढळतात. तार तुटल्यावर काटा शून्यावर जाईल की कमाल वाचनावर, हे मंडलाच्या रचनेवर अवलंबून असते. दिवे वा अन्य विद्युत् साधने चालू करताच वाचन बदलत असेल, तर भूसंपर्काचा वा विद्युत् पुरवठ्याचा संशय घ्यावा. मात्र विद्युत् इंधनपंप चालू केल्यावर दाब खरोखरच वाढू शकतो, हे ध्यानात ठेवावे लागते. पटल-पंपाचा दाब स्पंदी असल्याने अतिशीघ्र अंकीय दर्शकावर आकडे उड्या मारतात आणि खोटा इशाराही मिळू शकतो.

गाळणी वा टाकीचा वायुमार्ग तुंबणे, चूषण-नळीत हवा शिरणे, उष्णतेने इंधनाची वाफ होणे आणि पंपाचे पटल वा झडपा निकामी होणे, ही दाब खरोखर कमी होण्याची कारणे होत.

अर्थबोधातील चूक : उपकरण निर्दोष असूनही वाचनाचा अर्थ चुकू शकतो. इंधन-अंतःक्षेपण एंजिनांच्या कित्येक विमानांतील ‘प्रवाहमापक’ हा वस्तुतः दाबमापकच असतो. एखादा प्रोथ (तोटी) तुंबला की त्यामागील दाब वाढतो व मापक जादा प्रवाह दाखवितो. प्रत्यक्षात त्या सिलिंडराला इंधन कमी मिळत असते. अतिभरण केलेल्या एंजिनात दाब कशाच्या सापेक्ष मोजला आहे, हेही पहावे लागते. रोटॅक्स ९१४ मध्ये इंधनाचा दाब हवापेटीतील दाबापेक्षा सु. ०·२५ बार अधिक राखला जातो. म्हणून बाहेरील हवेच्या सापेक्ष मोजलेला आकडा एकटा पुरेसा ठरत नाही.

परीक्षणाचा क्रम : उड्डाणात वाचन घसरल्यास विमानाच्या पुस्तिकेनुसार साहाय्यक पंप चालू करतात, इंधन असलेली दुसरी टाकी निवडतात आणि जवळचा विमानतळ गाठतात. एंजिन सुरळीत चालत आहे एवढ्यावरून मापक दोषी ठरत नाही, कारण गळतीमुळेही दाब उतरतो. इंधनाचा वास येत असल्यास साहाय्यक पंपामुळे गळती वाढण्याचा धोका असतो.

जमिनीवर प्रथम गळती तपासतात. नंतर यंत्रणेतील दाब काढून काटा शून्यावर येतो का ते पाहतात. त्याच मापनबिंदूशी व त्याच पातळीवर प्रमाणित मापक जोडून एंजिन बंद असताना केवळ विद्युत् पंपाने आणि नंतर एंजिन चालवून केवळ मुख्य पंपाने मिळणारा दाब नोंदतात. दोन्ही मापकांची वाचने जुळली, तर दोष इंधन-यंत्रणेत शोधतात. ती जुळली नाहीत, तर प्रेषकाला ज्ञात दाब देऊन त्याचे निर्गत तपासतात, तसेच तारा व भूसंपर्क यांची परीक्षा करतात. ही तुलना न करता पंप बदलल्यास चांगला पंप जातो आणि दोष तसाच राहतो. उलट मापकालाच दोष देऊन उड्डाण केल्यास एंजिन हवेत बंद पडण्याचा संभव असतो. इंधनाची वाफ स्फोटक असल्याने हे काम मोकळ्या हवेत, अग्निशामक जवळ ठेवून आणि अधिकृत देखभाल अभियंत्याकडून केले जाते. विमान पुन्हा सेवेत देण्यापूर्वी सोडलेल्या प्रत्येक जोडाची गळती-चाचणी घेऊन तिची नोंद करतात.