बागेचं पाणी यंत्रावर सोपवताना

वरून पाऊस कोसळतोय आणि एखाद्या बंगल्यासमोर हिरवळीवरचे फवारेही थुईथुई नाचतायत, असं दृश्य तुम्हीही कधी ना कधी पाहिलं असेल. बघून जीव चरफडतो. दोष घरातल्या माणसांपेक्षा भिंतीवरच्या टायमरचा असतो. सकाळी सहाला वीस मिनिटं असं त्याला एकदा सांगितलं की वैशाख असो वा श्रावण, तो बापडा आपला सहाला नळ सोडतो.

यावर उतारा म्हणून आता हवामान पाहून पाणी देणारे कंट्रोलर आले आहेत. तालुक्याच्या गावातल्या नव्या कॉलन्यांतही बंगला बांधताना ‘वहिनी, मोबाइलवर चालणारं बसवून टाकू’ असं सांगणारे भेटतात. आमच्या मंडळातल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, घ्यावं का? म्हणून जरा खोलात शिरले.

यंत्राचा हिशोब समजायला सोपा आहे. ऊन, वारा, हवेतला दमटपणा यांवर मातीतून आणि पानांतून किती पाणी उडून गेलं याचा ते अंदाज बांधतं. पाऊस पडला असेल तर तो वजा करतं आणि उरलेली तूट भरून काढतं. ही माहिती ते दोन तऱ्हांनी मिळवतं. काही कंट्रोलर इंटरनेटवरून जवळच्या हवामान केंद्राचे आकडे घेतात, तर काहींचा सेन्सर आपल्याच गच्चीवर बसवतात.

आता हे ‘जवळचं’ केंद्र किती जवळ, हा पहिला प्रश्न दुकानदाराला विचारा. आपल्याकडे वळवाचा पाऊस स्टँडवर पडतो आणि कॉलनी कोरडी राहते. केंद्र तीस-चाळीस किलोमीटरवर असेल तर यंत्राला आपल्या अंगणातलं काय कळणार? अशा गावात घरावरचा सेन्सर बरा. मात्र तो उघड्यावर हवा, पागोळ्यांखाली नको.

हे कंट्रोलर अमेरिकेत फार वापरले जातात. कॅलिफोर्नियात लेक-जावई असणाऱ्या मैत्रिणींनी कदाचित गॅरेजच्या भिंतीवर असा डबा पाहिलाही असेल. तिथल्या सरकारच्या पर्यावरण खात्याचं पाणी वाचवणाऱ्या वस्तूंसाठी ‘वॉटरसेन्स’ नावाचं लेबल आहे, तेही अशा कंट्रोलरना मिळतं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो कॅलिफोर्नियातलाच २००९ सालचा एक अभ्यास. घरं आणि इतर जागा मिळून २,२९४ ठिकाणी हे कंट्रोलर बसवल्यावर पाण्याचं काय झालं, ते त्यात तपासलं होतं. बाहेरच्या वापरात सरासरी बचत निघाली सहा टक्क्यांच्या आसपास. आणि चाळीस टक्क्यांहून जास्त ठिकाणी पाणी चक्क वाढलं!

असं कसं? जे लोक आधी पाण्याची उधळपट्टी करत होते, त्यांचा नळ यंत्राने आवरला. पण जे हात राखून पाणी देत होते, पान जरा मलूल झालं की मगच पाइप उचलत होते, त्यांच्या झाडांना यंत्राने हिशोबाप्रमाणे ‘पूर्ण’ पाणी द्यायला सुरुवात केली. मैत्रिणींनो, या दुसऱ्या गटात आपण मोडतो की नाही? भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणाऱ्या, माती बोटाने चाचपून मोगऱ्याला तांब्या ओतणाऱ्या आपण. अशा घरात हे यंत्र सोय करेल, पाणी वाचवेलच असं नाही.

हिरवळ असेल तर मात्र गणित बदलतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठाभर लॉन म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर जरी धरलं, तरी पाचशे लिटर झाले. शहरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी असा सरकारी दंडक आहे, म्हणजे चौघांच्या घराचं एका दिवसाचं पाणी नुसतं गवत पिऊन टाकतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, हे आठवलं की मला तरी अंगणातल्या लॉनचा हौसेचा भाग पटत नाही. पण ज्यांच्याकडे ते आहेच आणि टायमरही आहेच, त्यांनी या कंट्रोलरचा जरूर विचार करावा. खरी बचत तिथेच आहे.

घ्यायचं ठरलं, तर बसवायला आलेल्या माणसाला मोकळं सोडू नका. यंत्राला प्रत्येक वाफ्याची माती, ऊन-सावली आणि झाडाचा प्रकार सांगावा लागतो. तो माणूस घाईत सगळीकडे एकच भरून निघून जातो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पण पिते सावकाश. तिला एकदम वीस मिनिटं दिलं तर निम्मं रस्त्यावर वाहील. पाच-सात मिनिटं, मग थांबून पुन्हा, अशी सोय यंत्रात हवी. मुरमाड जमिनीचं उलट, तिला थोडं थोडं पण वरचेवर लागतं.

कुंड्यांची लाइन आणि व्हॉल्व्ह वेगळाच ठेवा. जमिनीतल्या जास्वंदाची मुळं खोल जातात, कुंडी दोन उन्हांत वाळते. शिवाय स्लॅबखालच्या कुंड्यांवर पावसाचा थेंबही पडत नाही. यंत्र म्हणेल, पाऊस झाला, आज सुट्टी. आणि तुमचा कढीपत्ता भर पावसाळ्यात तहानेने वाळेल.

आता आपल्या गावांची खरी रड. पाणी दिवसाआड येतं आणि वीज केव्हाही जाते. नळाच्या लाइनवर व्हॉल्व्ह बसवला तर तो वेळेवर उघडेल, पण पाणीच नसेल! म्हणून टाकीला जोडायचं. टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक किलो दाब मिळतो. एकमजली घरावरच्या टाकीचा दाब त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्यावर फवारे नाचत नाहीत. कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह आणि ठिबक आहे का विचारा, आणि फिल्टर लावल्याशिवाय ठिबक घेऊ नका. वीज गेल्यावर भरलेली माहिती पुसली जाते का, वाय-फाय बंद पडलं तर यंत्र काय करतं, दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हेही पैसे देण्याआधीच विचारा.

दहा-बारा कुंड्यांसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही. नळाला लावायचा सेलवरचा साधा टायमर पुरतो, पावसाळ्यात तो आपल्या हाताने बंद करायचा. मुळाशी पाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या अंथरल्या तर ओल टिकते. चार दिवस गावाला जायचं असेल तर बादलीतून कुंडीत सुती वात सोडण्याची जुनी युक्ती आहेच.

ज्यांनी यंत्र बसवलं आहे त्यांनी लगेच कुलूप लावून लेकीकडे जाऊ नये. आधी पंधरा दिवस घरात असतानाच ते चालवून बघा. बागेच्या लाइनला मीटर असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे कॅलेंडरवर टिपा. मीटर नसेल तर टाकी किती उतरते ते पाहा. सकाळी पाणी दिल्यावर बोटभर माती उकरायची. वर चिखल आणि खाली कोरडं असेल, किंवा एखाद्या कोपऱ्यात शेवाळ धरायला लागलं असेल, तर त्या माणसाला परत बोलावून त्याच्याकडून वेळा बदलून घ्यायच्या.