ओसाड जोते काय सांगते?

पावसाळा संपला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांच्या सहली मलंगगड, माहुली अशा डोंगरांकडे निघतात. बुरूज आणि पाण्याची टाकी पाहून मुले परततात. समजा, अशाच एका वाटेवर, सपाट माळावर, गवतात दडलेली दगडांची चौकट दिसली. ती कुणा शेतकऱ्याच्या घराचे जोते असू शकते. किल्ल्यांच्या लढायांची नोंद कागदांत सापडते. डोंगरावर नाचणी-वरई पिकवणाऱ्या कुटुंबाचा इतिहास मात्र बहुधा जमिनीतच वाचावा लागतो. तो कसा वाचायचा?

प्रथम घर पाहू. शेणामातीने लिंपलेला कारवीचा कूड वापर थांबला की पावसात विरून जातो, लाकूड वाळवी खाते. उरतात जोते, खांबांचे खळगे आणि चुलीची जागा. चुलीखालची माती वर्षानुवर्षे भाजते. तिच्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन ती लाल आणि कठीण बनते. पुणे जिल्ह्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे अशाच खुणांवरून ओळखता आली.

गोठा कुठे होता? शेणामुतातील फॉस्फेट मातीतील लोह व ॲल्युमिनियमला घट्ट चिकटते आणि पावसाने सहज वाहून जात नाही. म्हणून ठरावीक अंतरावरचे मातीचे नमुने तपासले की गुरे बांधण्याची जागा उमगते. स्वीडनमध्ये ओलोफ अर्‍हेनियस यांनी ही पद्धत 1920-30 च्या दशकांत रूढ केली.

आता काळ. जोत्यावर मंगळुरी कौलाचा तुकडा मिळाला, तर ते छप्पर 1865 च्या आधीचे नसावे, कारण मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. पण जोते त्याहून जुने असू शकते. छप्पर नंतर बदलले असेल! शिवराई नाण्याचेही तसेच. ती एकोणिसाव्या शतकातही चलनात होती. एकाच वस्तूवरून तारीख ठरवू नये, हा पहिला धडा.

मग माणसे गेली का? पाणी आटले असेल, साथ आली असेल, रोजगारासाठी कुटुंब खाली उतरले असेल. 1878 च्या वनकायद्यानंतर राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आली. ठाणे जिल्ह्यातील असंतोष एवढा वाढला की 1885 मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. दगड एवढेच सांगतात की इथे कुणी राहत होते. सोडून जाण्याचे कारण शोधायला जुनी दप्तरे आणि पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लागतात.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत घरे, बांध, सपाट केलेली जमीन, विहिरी, दफनभूमी यांना दाव्याचा पुरावा मानले आहे. आपण ज्याला ‘नुसते रान’ म्हणतो, ते कुणाच्या आज्याचे शेत असू शकते. खाणीसाठी किंवा बांधकामासाठी माळ एकदा सपाट केला की ही साक्ष कायमची पुसली जाते.

तेव्हा पुढच्या सहलीला मोजपट्टी, होकायंत्र आणि वही न्या. जोत्याची लांबी-रुंदी, दाराची दिशा, जवळची आंब्या-चिंचेची झाडे, बांध आणि पाण्याची जागा नकाशावर मांडा. खापराचा तुकडादेखील उचलू नका. कोणती वस्तू नेमकी कुठे पडली आहे, यातच तिची निम्मी माहिती असते. मग जवळच्या पाड्यात जाऊन विचारा, ‘‘इथे कोण राहत होते?’’