कडेवरचे मूल हीच ढाल
लेकुरवाळीवर संशय कोण घेणार? अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका व सीमा यांचे सारे गुन्हे या एका विश्वासावर उभे होते, असे आम्हांस वाटते. 1990 ते 1996 या काळात त्यांनी लहान मुले पळविली, चोरी करताना ढालीसारखी वापरली आणि अडचणीची होताच कित्येकांचा जीव घेतला. 1996 मध्ये त्या पकडल्या गेल्या. अंजनाबाई 1997 मध्ये कोठडीतच वारली. मुलींना 2001 मध्ये कोल्हापुरास फाशी सुनावली गेली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे दयेच्या अर्जांवर सरकारी दिरंगाई झाली, म्हणून 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. परंतु भिकाऱ्याचे मूल हरवले, तर त्याचा शोध किती नेटाने घेतला जातो? हा प्रश्न मात्र आपणां सर्वांचा आहे.