खारं म्हणजे किती खारं?

तेल्हारा तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा आणि दक्षिणेला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. म्हणून पाण्याच्या बाबतीत ‘तालुक्याची सरासरी’ फसवी ठरते. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांचा संबंध पाण्याशी जोडला जातो. तो तपासायचा तर पाण्याच्या प्रयोगशाळेतली नोंद आणि दवाखान्यातली नोंद शेजारी ठेवावी लागेल, आणि तिथेच शब्द आडवे येतात. पाण्याचा खारेपणा पुष्कळदा थेट क्षार मोजून नव्हे, तर विद्युतवाहकतेवरून काढतात. वाहकता सेंटीमीटरला ३००० मायक्रोसिमेन्स आली, तर ०.५ने गुणून विरघळलेले क्षार लिटरला १५०० मिलिग्रॅम होतात, ०.७ने गुणून २१००. भारतीय मानकात दुसरा स्रोत नसताना चालणारी मर्यादा २००० आहे. म्हणजे तेच पाणी एका कागदावर पास, दुसऱ्यावर नापास. नायट्रेटचं तेच: आपली ४५ची मर्यादा नायट्रेट म्हणून मोजलेली, अमेरिकेची १०ची त्यातल्या नायट्रोजनची. आकडे निराळे, मर्यादा जवळपास तीच. त्यामुळे आकड्यासोबत मोजण्याची रीत लिहिली नसेल, तर तो दुसऱ्याच्या हाती द्यायच्या लायकीचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आजाराच्या बाजूला गोंधळ याहून मोठा. ‘किडनीचा पेशंट’ या दोन शब्दांत मुतखडा, एकदाच वाढलेलं क्रिएटिनिन आणि डायलिसिस सगळं बसतं. वैद्यकशास्त्र मात्र बिघाड ३ महिन्यांहून अधिक टिकल्याशिवाय त्याला दीर्घकालीन म्हणत नाही. ‘पिण्याचं पाणी’ हा रकानाही अपुरा आहे. वान धरणाचं गोडं पाणी नळाला आलं की नोंदीत ‘नळ’ लागतो आणि त्याआधीची बोअरची वर्षं पुसली जातात. मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असेल, तर शोधायची ती हीच वर्षं.

लोकांना पाणी हवं, शब्दकोश नको, हा आक्षेप कळकळीचा आहे. नळयोजना एक दिवसही अडू नये, हे मलाही मान्य. पण कोणत्या गावाला आधी, हे ठरवताना दोन गावांचे आकडे तुलनेला उभे राहायला हवेत. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: प्रमाण शब्द आले की ‘खारं’, ‘मचूळ’, ‘गोडं’ ही वऱ्हाडी माणसाची जिभेवरची पारख हरवेल. ती हरवण्याची गरज नाही. माणूस म्हणाला तो शब्द जसाच्या तसा एका रकान्यात, शेजारी वाहकता, मोजल्याची तारीख, बोअरची खोली आणि गावाच्या नावासोबत त्याचा सरकारी संकेतांक, कारण बुद्रुक-खुर्द गळालं की दोन गावांचं एक होतं.