शाळा सुटल्यावर मूल जाते कोठे?

सायंकाळी शाळेची शेवटची घंटा होते आणि मुले फाटकाबाहेर पडतात. तेथून दिवेलागणीपर्यंतचा वेळ पूर्वी खेळाचा मानला जाई. आज शिकवणी, गृहपाठ आणि मोबाईल यांनी तो आपसांत वाटून घेतला आहे. शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाचे तास असतात खरे. परंतु परीक्षा जवळ आली की ते प्रथम गणिताकडे जातात, हे आम्ही शिक्षक जाणतो. म्हणून मुलाच्या शरीराची चिंता शाळेवर सोपवून पालकांना स्वस्थ बसता येणार नाही.

मुलास किती व्यायाम हवा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक आहे. तीत आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा जोरकस व्यायाम असावा. हालचाल करताना बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम समजावी. चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, ती जोरकस. २०१६ पर्यंतच्या माहितीवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के शाळकरी मुले या मापास उतरली नाहीत. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते.

ही उणीव पुढे भोवते. धावताना व उड्या मारताना हाडांवर भार पडतो आणि त्या भारामुळेच हाड घट्ट होते. ही पुंजी मुख्यतः वाढत्या वयातच साठते. उतारवयात ती नव्याने जमविता येत नाही. डोळ्यांचेही तसेच आहे. दिवसाच्या मोकळ्या उजेडात अधिक वेळ राहणाऱ्या मुलांत लांबचे अंधुक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात उद्भवतो, असे अभ्यासांत आढळले आहे.

खेळाने अभ्यास बुडतो, ही भीती पुष्कळांना वाटते. त्यांनी बडोद्याकडे पाहावे. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले, त्याच संस्थानात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपास आणले. तेथूनच मराठीतील व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. विद्या आणि व्यायाम यांत वैर आहे, असे त्या पिढीस वाटले नाही.

यास खर्चही नको. खो-खोत दोन खांब आणि थोडी सपाट जमीन पुरते. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, म्हणून खो देण्याची वेळ अचूक साधावी लागते. अशा खेळात पायांबरोबर लक्ष आणि निर्णयही तयार होतात. मुले कमी असतील तर लंगडी किंवा लगोरी आहेच. देवळाचे पटांगण, चर्चचे आवार, वाड्याचा चौक, यांपैकी एखादी जागा बहुतेक वस्तीत सापडते. नसेलच, तर दोरीवरच्या उड्यांस गच्चीही चालते.

प्रश्न उरतो तो मुलींचा. बारा-तेरा वर्षांची झाली की मुलीला घरकामास लावले जाते आणि तिचा भाऊ मात्र मैदानावर जातो. आयांची काळजी रास्त आहे. तिला उत्तर म्हणजे मुलीस घरात बसविणे नव्हे, तर वस्तीतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आळीपाळीने मैदानाशी येऊन बसणे होय.

तेव्हा पालकांना माझी विनंती एवढीच आहे. शिकवणी सायंकाळी असेल तर ती दिवेलागणीनंतर ठेवण्याविषयी शिक्षकांशी बोला. साठ मिनिटे सलगच हवीत असे नाही. शाळेत झपाझप चालत जाणेही त्यांत धरा. आणि उजेड आहे तोवर मुलाला, तसेच मुलीलाही, बाहेर खेळू द्या.