वाढवणचा नकार कुठे गेला?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि तेव्हापासून मन सारखं नव्वदच्या दशकाकडे धावतंय.

तेव्हा वाढवणला पोचायचं म्हणजे शटल गाडीने वाणगावला उतरून एसटीची वाट पाहायची, ती चुकली की मिळेल त्या टेम्पोत बसायचं. मुंबईचे पर्यटक बोर्डीला जात, इकडे फिरकत नसत. त्यामुळेच हा किनारा टिकला, असं माझं ठाम मत आहे. पावसाळा सोडला तर इथल्या लाटांना फारसा जोर नाही. उतार इतका मंद, की ओहोटीला पाणी दूरवर हटतं, खडक आणि चिखल उघडा पडतो. त्या खडकांवर बायका कालवं फोडायच्या. उधाणाच्या ओढीवर डोल जाळी भरायची, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, हात आखडायचा. अंगणोअंगणी बांबूंवर बोंबील वाळायचे. सगळा संसार भरती-ओहोटीवर चालायचा.

जून १९९१मध्ये, वाढवण ज्यात येतं तो डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याचं पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. परदेशी कंपनी बंदराचा प्रस्ताव घेऊन आली, तेव्हा कोळी, बागायतदार, आदिवासी एकत्र उभे राहिले, आणि १९९८मध्ये प्राधिकरणाने स्पष्ट नकार दिला. आम्हांला तेव्हा विकासाचे शत्रू म्हणणाऱ्यांना पुढे समुद्रात वीसेक मीटरची नैसर्गिक खोली आहे एवढंच दिसत होतं. अलीकडचा उथळ पट्टा, जिथे मासळी वाढते, तो त्यांच्या लेखी रिकामी जागा होता.

नंतरची वर्षं भराभर गेली. २०१३मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली. बंदराची फाईल उघडत-मिटत राहिली. जानेवारी २०१९मध्ये धर्माधिकारी गेले. आणि जुलै २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. हा घाव अजून भरलेला नाही.

आता ७६,२२० कोटींचा प्रकल्प, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, १०.१४ किलोमीटरचा लाटरोधक बांध. महामार्गाला जोडणारा रस्ताही होणार आहे, तो कंटेनरसाठी. बांधामुळे ओढ बदलली, गाळ भलतीकडे बसला, तर डोल लावायची कुठे?

१९९८चा नकार योग्य होता, आजही आहे. तो २०२३मध्ये कसा पुसला गेला, हे प्राधिकरणाने वाढवणच्या किनाऱ्यावर येऊन कोळ्यांना समोरासमोर सांगावं.