टॅलीचा प्रश्न विचारताय? आधी व्हर्जन सांगा!

तुमच्या भागातल्या दुकानदारांचा एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच. त्यात कुणीतरी विचारतं, "माल परत आलाय, टॅलीत क्रेडिट नोट कशी करू?" दोन मिनिटांत उत्तर येतं, "कंट्रोल एफ 8 दाबा."

उत्तर बरोबर आहे, पण टॅली ईआरपी 9 साठी. 2020 मध्ये टॅली प्राइम आलं आणि बऱ्याच कीज बदलल्या. प्राइममध्ये कंट्रोल एफ 8 ही सेल्स ऑर्डरची की आहे. क्रेडिट नोटसाठी तिथे ऑल्ट एफ 6 दाबावं लागतं. गंमत बघा, ऑल्ट एफ 5 ही ईआरपी 9 मध्ये सेल्स ऑर्डर होती, प्राइममध्ये ती डेबिट नोट झाली!

आता समजा, 20,000 रुपयांचा माल परत आला, त्यावर 18 टक्के जीएसटी. नवख्या माणसाने घाईत ऑर्डरच भरून ठेवली, तर ऑर्डरचा हिशोबावर काहीच परिणाम होत नाही. गिऱ्हाइकाच्या खात्यावर उधारी तशीच दिसणार, आणि जीएसटीआर 1 मध्ये क्रेडिट नोट गेली नाही तर 3,600 रुपयांचा कर तुमच्या माथी.

म्हणून ग्रुपमधली उत्तरं एका गूगल शीटमध्ये उतरवून घ्या. एका ओळीत एकच प्रश्न, तोही लोक विचारतात त्याच शब्दांत: "माल परत आला तर काय करायचं?" पुढे ईआरपी 9 चं उत्तर एका रकान्यात, प्राइमचं दुसऱ्या. दोन वेगळ्या शीट करू नका, कारण आपल्याकडे कुठलं व्हर्जन आहे हेच अनेकांना माहीत नसतं. शेजारी शेजारी दिसलं की चूक लगेच लक्षात येते.

नुसतं 'प्राइम' लिहूनही भागत नाही बरं का. रिलीज नंबरही हवा. टॅलीतूनच व्हॉट्सअ‍ॅपवर बिल पाठवायची सोय 4.0 पासून आली, 2.1 वाला ते बटण शोधत बसेल. प्राइममध्ये एफ 1 दाबून 'अबाउट' उघडा, नंबर दिसतो. प्रश्नासोबत त्याचा फोटो टाकायची सवय सगळ्यांना लावा.

सर्वात जपून लिहायचं उत्तर म्हणजे "अपडेट करून टाका" हे. 3.0 च्या आधीचा डेटा 3.0 किंवा पुढच्या रिलीजमध्ये वापरायचा तर मायग्रेट करावा लागतो, आणि मायग्रेट झालेला डेटा जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. तुमचे सीए अजून जुन्यावर असतील तर ऐन रिटर्नच्या वेळी पंचाईत! त्यामुळे या ओळीत लाल अक्षरांत लिहा: आधी बॅकअप घ्या, सीएंना विचारा. बॅकअपची वाटही दोन्हीकडे वेगळी आहे. ईआरपी 9 मध्ये ऑल्ट एफ 3, प्राइममध्ये ऑल्ट वाय, मग बॅकअप.

जुनी उत्तरं पुसू नका; ईआरपी 9 वर काम करणारी दुकानं अजून आहेत. शीट सांभाळायला एकच माणूस ठेवा, नाहीतर 'सगळ्यांचं काम' कुणीच करत नाही. आणि ज्याने स्वतः करून पाहिलंय त्याचंच उत्तर शीटमध्ये घ्या. बाकीच्यांपुढे सरळ 'ऐकीव' असा शेरा मारा, कुणाला राग आला तरी चालेल.